उजव्या रकान्यातली काशीयात्रा

मैसूरच्या चामराजपुरममधल्या मराठी समाजाच्या कल्याणमंटपात शिरताना डाव्या हाताला एक सूचनाफलक आहे. मंटप बांधला तेव्हापासून तो तिथे होता, आणि तेव्हापासून तो कुणी वाचला नव्हता. त्यावर चार सूचना होत्या. पाहुण्यांचे हार्दिक स्वागत. चपला बाहेर ठेवाव्यात. भोजनाची वेळ बारा ते दोन. भिंतींना खिळे ठोकू नयेत. एवढ्या भांडवलावर समाजाच्या मुलामुलींची लग्ने विनातक्रार लागत होती आणि कुणाचे काही बिघडत नव्हते.

मग चिटणीसपदी बिंदुमाधवराव आले आणि त्यांनी फलक वाचला.

बिंदुमाधवराव कॉलेजातून इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर त्यांनी मुलांना एकच गोष्ट शिकवली. यादीतले सगळे मुद्दे एकाच साच्यातले हवेत. पहिला हुकूम असेल तर दुसराही हुकूम हवा, पहिली वस्तू असेल तर दुसरीही वस्तूच हवी. याला ते समांतर रचना म्हणत. मुले याला दुसरे काहीतरी म्हणत, पण ते छापण्याजोगे नाही. घरातही हाच शिरस्ता होता. एकदा गोदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, बाजारासाठी चिठ्ठी दिली: कोथिंबीर, गूळ, नारळ, आणि येताना गिरिजाबाईंची तब्येत विचारून या. बिंदुमाधवराव मंडी मोहल्ल्यातून कोथिंबीर, गूळ आणि नारळ घेऊन आले. अंथरुणाला खिळलेल्या गिरिजाबाईंची तब्येत ही बाजारात मिळणारी वस्तू नसल्यामुळे तो मुद्दा त्यांनी खोडला होता. त्याच आठवड्यात गिरिजाबाई गेल्या. बिंदुमाधवरावांना मनापासून वाईट वाटले, पण चिठ्ठी चुकली होती ती चुकलीच होती.

अशा माणसाला तो फलक सहन होणे शक्य नव्हते. त्यांनी कार्यकारिणीची बैठक बोलावली आणि चार सूचना चार दिशांना तोंडे करून उभ्या आहेत हे सभासदांच्या निदर्शनास आणून दिले. चौघींना एका साच्यात घालायचे हे मान्य झाले. साचा कोणता, यावर बराच खल झाला. स्वागताचा साचा सगळ्यांना आवडत होता, पण खिळ्यांचे स्वागत करता येईना. शेवटी बिंदुमाधवरावांनीच तोड काढली. नकार हा एकच साचा असा आहे की त्यात काहीही बसते. आठवड्याच्या आत नवा फलक लागला. आपले स्वागत नाही असे समजू नये. चपला आत आणू नयेत. बारापूर्वी व दोननंतर जेवू नये. भिंतींना खिळे ठोकू नयेत. शिवाय सकाळची इडली खाऊन मुहूर्ताआधीच पसार होणाऱ्या मंडळींसाठी पाचवी सूचना घालण्यात आली. वधूवरांवर अक्षता टाकल्याशिवाय बाहेर पडू नये. ही पाचवी सूचना अमलात आणायला मंटपाचे व्यवस्थापक हणमंत यांना फाटकाशी बसवण्यात आले.

फलक लोक प्रथमच वाचू लागले. पहिली सूचना वाचून बरेच पाहुणे दाराशीच थबकत आणि आपल्याबद्दल आत काही बोलणे झाले आहे का याची चौकशी करत. कार्यकारिणीने याची नोंद 'फलक परिणामकारक ठरला' अशी केली.

यशाने माणूस थांबत नसतो. अध्यक्ष जगन्नाथरावांच्या सूचनेवरून 'समांतर रचना उपसमिती' स्थापन झाली. बिंदुमाधवराव तिचे प्रमुख, आणि बराच काळ एकमेव सभासद. उपसमितीने ठराव केला की मंटपात होणाऱ्या प्रत्येक लग्नाची क्रमपत्रिका दोन रकान्यांत छापण्यात यावी. डावीकडे वर, उजवीकडे वधू. डाव्या रकान्यात जे घडेल ते उजव्यातही घडले पाहिजे, आणि उजव्यातले डाव्यात. एकदा छापलेली पत्रिका बदलता येणार नाही. 'समता ही समता म्हणून करायची नसून रचना म्हणून करायची आहे,' असे बिंदुमाधवरावांनी सभेत स्पष्ट केले. ते ऐकून काळजीत पडलेल्या वडीलधाऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

पहिला मान जगन्नाथरावांच्याच मुलीला मिळाला. वधूच्या भावाने वराचा कान पिळला, म्हणून वराच्या भावाने वधूचा पिळला. तो व्यायामशाळेत जाणारा होता. वधूला तिच्या मामाने उचलून मंडपात आणले, म्हणून वराला त्याच्या मामाने उचलायचे होते. वर बँकेत बसून काम करणारा, भरल्या अंगाचा. मामा पेन्शनर. चौथ्या पायरीवर मामांच्या कमरेत जे काही वाजले ते सनईतूनही ऐकू आले. त्या कमरेवरून जगन्नाथरावांच्या मुलीला सासरी अजून ऐकून घ्यावे लागते, आणि जगन्नाथराव तेव्हापासून बिंदुमाधवरावांशी विलक्षण गोड बोलतात.

खरी अडचण निराळीच होती. वधूपिता वराचे पाय धुतो. हा मुद्दा एका रकान्यात घातला की दुसऱ्यात वरपित्याने वधूचे पाय धुणे ओघानेच आले. मुलांच्या बापांमध्ये खळबळ माजली. दोघांनी तर मंटपाचे आरक्षण रद्द करण्याची भाषा केली. बिंदुमाधवरावांनी एक दिवस विचार केला आणि मार्ग सापडला. शीर्षक हा यादीचा भाग नसतो, म्हणून त्याला समांतरतेचा नियम लागू होत नाही. पाय धुणे उचलून शीर्षकात टाकण्यात आले. या सोयीचा बोलबाला झाल्यावर आणखी बऱ्याच गोष्टी वर चढल्या. 'वधूपित्याने वराचे पाय धुऊन, वरपक्षाचा मानपान राखून, वरमाईचे रुसवे काढून साजरा केलेला विवाहसोहळा' असे शीर्षक होऊ लागले. त्याखाली दोन सुबक, तंतोतंत सारखे रकाने. शीर्षक ठळक अक्षरात असल्यामुळे ते कुणी वाचत नसे.

इथवर सगळे दुसऱ्यांच्या घरचे होते. पण बिंदुमाधवरावांनाही एक मुलगा होता.

अनंतकृष्ण पस्तिशी ओलांडलेला, सरळमार्गी, आणि अविवाहित. अविवाहित राहण्यात त्याचा स्वतःचा काही हात नव्हता. मुलीच्या माहितीपत्रात स्वभावापुढे 'शांत, मनमिळाऊ, स्वयंपाकाची आवड' असे लिहिलेले दिसले की बिंदुमाधवराव पत्र तिथेच मिटत. दोन गुणांनंतर एकदम आवड! ज्या घरात इतका गोंधळ त्या घरची मुलगी कशी असेल? अशी कितीतरी चांगली स्थळे त्यांनी परत पाठवली आणि गोदाबाईंनी प्रत्येक वेळी देवापुढे बसून डोळे टिपले. कृष्णवेणीचे पत्र आले तेव्हा मात्र त्यांना काही काढता येईना. तिने स्वभावापुढे एकच शब्द लिहिला होता. 'ठीक.' एका शब्दाला दुसऱ्याशी जुळायचे नसते.

कृष्णवेणी हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात तयार भाग तपासण्याच्या कामावर होती. वडील नरसिंहमूर्ती शाळामास्तर, आता निवृत्त. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. मुलगी सगळ्यांना पसंत पडली. अनंतकृष्णाला तर इतकी, की तो पहिल्यांदाच बापासमोर हसला. गोदाबाईंनी नवस फेडायची तयारी केली. आता हे लग्न मोडले तर मुलगा जन्मभर तसाच राहील, हे घरात सगळ्यांना कळत होते. बिंदुमाधवरावांनाही कळत होते.

क्रमपत्रिकेचा मसुदा घेऊन ते स्वतः हूटगळ्ळीला गेले. कृष्णवेणीने तो उभ्याउभ्याच वाचला. तिने शीर्षकही वाचले, हे बिंदुमाधवरावांना किंचित खटकले.

"मामा, एक विचारू?" होणाऱ्या सासऱ्यांना ती मामा म्हणत होती. "अप्पांना खाली बसता येत नाही. डॉक्टरनी सांगितलंय. ते पाय धुणं बेड म्हणते मी. नको."

"नको कसं? ते शीर्षकात आहे."

"मग तुम्हीपण माझे धुवा. सेम होईल, अल्लवा?"

बिंदुमाधवराव हसले. वर्गात ढ मुलाने बरा प्रश्न विचारला की ते असे हसत. "शीर्षकाला जोड नसते, बाळ. ते वर असतं. म्हणून तर शीर्षक."

"निदान अप्पांना स्टूल?"

"देऊ की! स्टुलाला माझी काहीच हरकत नाही. मात्र वडील स्टुलावर बसले तर वराचे पाय त्याहून वर हवेत. आपण चौरंगावर खुर्ची मांडू."

नरसिंहमूर्ती आतून म्हणाले, "असू दे गं वेणी. सुम्ने, उगाच कशाला वाढवतेस? बसेन मी कसातरी."

कृष्णवेणीने बापाकडे पाहिले. मग पुन्हा कागदाकडे. "यादीत खाली जे लिहिलंय ते मात्र दोन्ही बाजूला सेम होणार?"

"अक्षरशः."

"आमच्या फॅक्टरीत जोडीचा पार्ट मॅच झाला नाही की आम्ही रिजेक्ट करतो. मागून अडजस्ट माडी, करून घ्या, म्हणून चालत नाही."

"मला अशीच सून हवी होती," बिंदुमाधवराव म्हणाले. "एक कानाही इकडचा तिकडे होणार नाही."

"सरी, ठीक," कृष्णवेणी म्हणाली, आणि तिने मसुद्यावर सही केली.

आता काशीयात्रेविषयी सांगायला हवे. मैसूरकडच्या लग्नांत मुहूर्ताआधी नवरा मुलगा हातात छत्री, काठी आणि काखेत पोथी घेऊन निघतो. मला संसार नको, मी काशीला चाललो, असे जाहीर करतो. वधूपिता फाटकाशी त्याला गाठतो, हात जोडून, मान लववून म्हणतो, 'काशीला जाऊ नका, माझी मुलगी पदरात घ्या.' नवरा जरा आढेवेढे घेतो आणि परत येतो. आपल्या घराण्यांनी हा प्रकार तिकडच्यांकडून केव्हा उचलला ते कुणाला आठवत नाही, पण फोटो चांगले येतात म्हणून तो टिकला आहे. आजवर त्या फाटकातून एकही नवरा काशीला पोचलेला नाही.

बिंदुमाधवरावांनी डाव्या रकान्यात लिहिले होते: 'वर काशीयात्रेस निघेल, वधूपिता विनवून परत आणतील.' मग पेन न उचलता उजव्या रकान्यात लिहिले: 'वधू काशीयात्रेस निघेल, वरपिता विनवून परत आणतील.' दोन्ही ओळी लांबीलाही सारख्या भरल्या. ते पाहून त्यांना इतके समाधान वाटले की त्यांनी चहा मागवला. मुद्दा जुळला का, हे ते बघत होते. मुद्द्यात काय आहे, हे बघण्याची त्यांची सवय केव्हाच सुटली होती.

ती सवय गोदाबाईंना होती. लग्नाच्या दिवशी सकाळी, मंटपात, केसरीभाताची बशी नवऱ्याच्या हातात देताना त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही तिला काय म्हणणार?"

"कुणाला?"

"वेणीला. ती छत्री घेऊन निघाली की तुम्ही हात जोडून विनवणार असं लिहिलंय की हो तुम्हीच."

बिंदुमाधवरावांनी पत्रिका उघडली. सगळ्या समाजाला वाटून झालेली, आर्ट पेपरवर छापलेली पत्रिका. त्यांनी ती ओळ वाचली. मग आयुष्यात प्रथमच तिचा अर्थ वाचला. त्यांनी केसरीभाताची बशी खाली ठेवली. मुलाचा बाप, समाजाचा चिटणीस, चारशे पानांच्या पंगतीत ज्याचा शब्द शेवटचा, त्याने काल ठरलेल्या सुनेपुढे भर फाटकात हात जोडायचे, आणि तेही कॅमेऱ्यासमोर!

ते तडक जगन्नाथरावांकडे गेले. "अध्यक्ष, एक किरकोळ दुरुस्ती आहे. काशीयात्रा शीर्षकात घेऊ."

"अय्यो, सर!" जगन्नाथराव अत्यंत गोड आवाजात म्हणाले. "छापलेली पत्रिका बदलायची नाही असा ठराव आहे. तुमचाच. आमच्या वेळी मी मामांच्या कमरेबद्दल विचारलं तेव्हा तुम्हीच मला वाचून दाखवलात."

"मग विनवायला हणमंतांना पाठवू. प्रतिनिधी म्हणून."

"तर मग डावीकडेसुद्धा प्रतिनिधी लागेल. मूर्तींच्या जागी त्यांच्या गल्लीतला वॉचमन चालेल तुम्हाला?"

ते बिंदुमाधवरावांना कसे चालणार? आपल्या मुलाला वॉचमनने विनवायचे ही कल्पनाच त्यांना असह्य झाली. ते आपल्या खुर्चीवर परत येऊन बसले आणि तेवढ्यात सनई सुरू झाली.

आधी अनंतकृष्ण निघाला. छत्री, काठी, पोथी, कोरा पंचा. फाटकाशी नरसिंहमूर्ती लंगडत आले. त्यांनी हात जोडले, मान लववली, "काशीला जाऊ नका, माझी मुलगी पदरात घ्या," म्हणाले. फोटोग्राफर म्हणाला, "सार्, वन्स मोर, मागे दुसरं कोणतरी आलं." नरसिंहमूर्तींनी पुन्हा मान लववली. मग छत्रीची सावली पडली म्हणून पुन्हा. दर खेपेला गुडघ्यातून कळ जात असावी, कारण त्यांचा चेहरा क्षणभर बदलत होता. फोटोग्राफर म्हणाला, "स्माइल, सार्." त्यांनी तेही केले. मंडळी हसली, टाळ्या झाल्या, वर परत आला.

मग कृष्णवेणी निघाली. तीच छत्री, तीच काठी, तीच पोथी. ती फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि तिने वळून पाहिले. सगळा मंटप तिच्याबरोबर वळला आणि सगळ्यांची नजर बिंदुमाधवरावांवर येऊन थांबली.

ते उठले. चाल संथ, छाती पुढे, उपरणे नीट. फाटकाशी जाऊन त्यांनी घसा खाकरला. शब्द ते खुर्चीवर बसल्या बसल्या जुळवून आले होते. "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी कृष्णवेणी, काशीयात्रा रद्द करावी, मंडपात परत यावे, विवाहास मान्यता द्यावी."

मागून कुणीतरी "वा!" म्हणाले. वाक्य खरोखरच घोटीव होते.

कृष्णवेणी जागची हलली नाही. "मामा, हे तीन हुकूम झाले. अप्पांनी विनवलं होतं."

"आशय तोच आहे."

"अप्पांनी हात जोडले होते. मान पण खाली केली होती. तीनदा. तुम्ही सेम म्हणाला होतात."

"सार्," फोटोग्राफर अदबीने म्हणाला, "स्वल्प वाका. फ्रेममध्ये येत नाही."

बिंदुमाधवरावांनी हात उचलले. ते छातीपर्यंत आले आणि तिथून उपरण्याकडे वळले. ते नीट करून पुन्हा खाली गेले. मान तर जागचीच. लाज वाटत होती, राग येत होता, आणि सगळ्यांत जास्त भीती वाटत होती. समोरची पोरगी खरोखरच जाईल अशी त्यांना भीती वाटत होती. एवढेसे वाकले असते तर सगळे मिटले असते, हेही त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसत होते. पण त्यांनी एकवार मागे वळून चारशे चेहऱ्यांकडे पाहिले आणि मान आणखीनच ताठ झाली.

अनंतकृष्ण पुढे धावला. "मी विनवतो, अण्णा!"

"थांब," बिंदुमाधवराव म्हणाले. "वर विनवेल असं कुठं लिहिलंय?"

कृष्णवेणीने थोडा वेळ वाट पाहिली. तिचेही डोळे भरून आले होते, कारण तिलाही तो मुलगा आवडला होता. मग तिने रस्त्यावरून जाणारी रिक्षा थांबवली. "काशीला?" छत्री आणि काठी बघून रिक्षावाल्याने विचारले. तोही मैसूरचाच होता. "हूटगळ्ळी," ती म्हणाली. हणमंतांनी तिला अडवले नाही. वधूने स्वतःवरच अक्षता कशा टाकाव्यात, याबद्दल फलकावर काही नव्हते.

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली तसा अनंतकृष्ण कुणाला काही न बोलता पायात चपला सरकवून निघाला. वरालाही अडवण्याचा नियम नव्हता. मग गोदाबाई उठल्या. त्यांनी ताटातल्या मूठभर अक्षता घेतल्या आणि फाटकाशी येऊन हणमंतांना मूठ उघडून दाखवली. "टाकायलाच चाललेय." नवऱ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मीपण काशीला निघाले हो. मला कोण विनवणार आहे ते पत्रिकेत बघून ठेवा." नरसिंहमूर्ती, त्यांची पत्नी आणि पाठोपाठ लग्न लावायला आलेले आचार्यही मुठीत अक्षता घेऊन बाहेर पडले. मुहूर्त माणसांचा असतो, मंटपाचा नसतो, एवढेच आचार्य जाता जाता म्हणाले. तो मुहूर्त हूटगळ्ळीला, नरसिंहमूर्तींच्या व्हरांड्यात गाठला गेला, असे नंतर कळले. पाय कुणीच कुणाचे धुतले नाहीत. शीर्षक लिहायला तिथे कुणी नव्हते.

बाकीची मंडळी मंटपात राहिली. वधूवर गेले होते, पण होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, तळघरातल्या स्वयंपाकघरातून वर येत होती आणि तिचा वास सुटला होता. बाराला पाने मांडली. दोनला उठली. जेवणाबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. हात धुऊन, विडे तोंडात घालून मंडळी फाटकाकडे निघाली तेव्हा हणमंत काठी आडवी धरून उभे होते.

"अक्षता टाकल्या?"

"कुणावर टाकणार?"

"ते मला काय माहीत, सार्? बोर्ड बघा."

मंडळींनी बोर्ड पाहिला. वधूवरांवर अक्षता टाकल्याशिवाय बाहेर पडू नये. तासाभरात लहान मुले रडू लागली, मंडी मोहल्ल्याचे व्यापारी दुकानांना फोन करू लागले, आणि एका आजोबांनी आपले स्वागत खरोखरच नाही असे मोठ्याने जाहीर केले. बिंदुमाधवरावांना पाचवी सूचना खोडायला सांगण्यात आली. ते खडू घेऊन फलकापुढे उभे राहिले. पण पाचवी गेली की पहिल्या चार विद्रूप दिसतील असे त्यांना वाटले, की फाटक उघडले तर आपल्यालाही हूटगळ्ळीचा रस्ता दिसेल अशी धास्ती वाटली, ते सांगता येत नाही. त्यांच्या हातून काही ते झाले नाही.

अखेर जगन्नाथरावांनी तातडीची सभा घेतली. वधूवर ही व्यक्ती नसून आसनव्यवस्था आहे, असा ठराव एकमताने झाला. व्यासपीठावर लाल मखमलीच्या दोन खुर्च्या होत्याच. सनई वाजली, कुणीतरी मंगलाष्टक म्हटले, आणि चारशे माणसांनी दोन रिकाम्या खुर्च्यांवर अक्षता टाकल्या. व्हिडिओ झाला. मागच्या रांगांमध्ये रोजचेच चालले होते. भूखंडांचे भाव, कुणाचा मुलगा कुठे लागला, कॉफी अजून का आली नाही. पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत हे तिथल्या बऱ्याच जणांना घरी जाऊन व्हिडिओ बघेपर्यंत कळले नाही. फाटकाशी प्रत्येकाला नारळाची पिशवी मिळाली आणि मंटप रिकामा झाला.

बिंदुमाधवराव शेवटपर्यंत थांबले. कुणी नाही असे पाहून ते व्यासपीठावर गेले, उजवीकडच्या खुर्चीपुढे उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मग मान लववली. मानेला काही झाले नाही. "बाई, जाऊ नकोस," ते म्हणाले. "आमचा मुलगा चांगला आहे. माझंच चुकलं." तीन वाक्ये, तीन तऱ्हा. त्यांना ते जाणवले, पण दुरुस्त करावेसे वाटले नाही. त्यांना रडू आले. खुर्चीवरचे तांदूळ त्यांनी एकेक करून वेचले.

पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभेत हा सगळा विषय निघाला. वधूची काशीयात्रा वगळण्यात यावी, वराची शीर्षकात घ्यावी, आणि शीर्षक पूर्वीप्रमाणेच यादीचा भाग समजू नये, असा ठराव आला. विरोधात कोण, असे विचारल्यावर सगळ्यांनी बिंदुमाधवरावांकडे पाहिले. त्यांनी उपरणे नीट केले. मग बाजूने कोण, असे विचारल्यावर सगळे हात वर गेले. सगळ्यांत शेवटी बिंदुमाधवरावांचाही गेला. त्या दिवशी रिकाम्या मंटपात लवलेली मान सभेत अगदी सरळ होती.

पुढच्या लग्नाची पत्रिका तुम्हालाही आली आहे. वेळ काढून या. कधीतरी एखादा म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून खाली बसताना दिसतो, त्याकडे लक्ष देऊ नका. ते शीर्षकात आहे. अक्षता मागच्या रांगेतून टाकल्या तरी चालतात. तिथून पुढे काय चालले आहे ते दिसत नाही, म्हणून ती रांग आधी भरते. तुम्हाला ते ठाऊकच आहे. मागच्या लग्नात तुम्ही लवकर येऊन तिथेच जागा धरली होती.